गोदाबाईच्या घरची जास्तीची सवारी

पुनाराम मेश्रामचा बायकोवर विश्वास होता. तसा तो बसच्या मागच्या दाराच्या कडीवरही होता, पण ती कडी तो दर स्टॉपला हलवून पाही.

बालाघाटहून वारासिवनीमार्गे कटंगीला जाणाऱ्या एका खाजगी बसवर त्यानं उभी हयात कंडक्टरकी केली. माणूस बसमध्ये चढला की पुनाराम त्याचं तोंड पाहत नसे, पाय पाही. तिकीट काढणारा माणूस पाय रोवून उभा राहतो आणि फुकट्या पाय आखडून घेतो, असा त्याचा सिद्धांत. झोपेचं सोंग घेतलेल्याला तो उठवतही नसे. त्याच्या कानाशी उभं राहून नुसता खाकरे, आणि सोंग आपोआप सुटे. "पोरगं पाचाच्या आत हाय" म्हणणाऱ्या बाईला तो पोराचे पुढचे दात दाखवायला लावी. एकदा तर त्यानं गोदाबाईच्या पिशवीतल्या कोंबड्याचं तिकीट फाडलं होतं. गोदाबाई त्याच्याच गल्लीतली, समोरच्या दारातली, एकटी राहणारी म्हातारी. "हा तर तुयाच गल्लीतला कोंबडा होय बाप्पा" असं तिनं पुष्कळ सांगून पाहिलं. पुनाराम म्हणाला, "गल्लीत फिरू दे त्याले फुकट. बसमधी तो सवारी होय."

अशा माणसाच्या घरात तुळसाबाईनं संसार केला. एवढ्या वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. नवऱ्यापुढं खोटं बोलायचं असेल तर आधी खाली बसायचं, पाय लुगड्यात झाकून घ्यायचे, आणि मग तोंड उघडायचं. खोटीही साधीच असत, फुटलेल्या कपाची नाहीतर माहेरच्या निरोपाची. शिवाय नवरा दिवसभर कटंगीच्या रस्त्यावर, त्यामुळं बसायची वेळ फारशी येतच नसे.

मग लॉकडाऊन लागला आणि नवरा घरात आला.

बस स्टँडमागच्या मैदानात उभी राहिली. तिच्याखाली कुत्रीनं पिल्लं घातली. पुनारामला मोजायला कोणी उरलं नाही. सुरुवातीला त्यानं घरातले चमचे मोजले. मग सिलिंडर हलवून पाहिला आणि गॅस एवढ्यात कसा उतरला म्हणून तुळसाबाईची उलटतपासणी घेतली. शेवटी त्यानं प्लास्टिकची खुर्ची दारात मांडली आणि गल्ली मोजायला घेतली.

नेमकी तेव्हाच वार्डाची निगराणी समिती बनत होती. तिचा मुख्य शालिकराम. गल्लीच्या तोंडाशी राहणारा, वार्डातून निवडून आलेल्या पार्षदाच्या मागं मागं फिरणारा, मोबाईलवर बोलताना उगाच रस्त्याच्या मध्ये उभा राहणारा माणूस. बाहेरगावाहून कोण आलं त्याची खबर द्यायची, आलेल्याला सरकारी शाळेतल्या सेंटरवर पाठवायचं, एवढं समितीचं काम. शालिकरामनं पुनारामच्या गळ्यात निळ्या फितीचं कार्ड घातलं, आणि पुनारामची गेलेली नोकरी जणू परत आली. आंघोळीला जाताना तो ते खिळ्याला अडकवी. बाहेर आला की आधी कार्ड, मग बनियन.

पहिली शिकार नथ्थूच्या राकेशची झाली. नथ्थूचा दुधाचा धंदा; गोदाबाईच्या घराला लागूनच त्याच्या म्हशींचा गोठा. राकेश नागपूरला होता, तो तोंडाला गमछा बांधून हळूच घरात शिरला. पुनारामनं गमछ्याकडे पाहिलंच नाही. "चपलांले डांबर हाय," तो खुर्चीतून म्हणाला, "अन् डांबर आपल्या गल्लीत नाही." तासाभरात गाडी आली. पांढऱ्या कपड्यातली माणसं राकेशला घेऊन गेली, आणि गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवरून त्याचे व्हिडिओ निघाले. पोराला काही झालेलं नव्हतं. रिपोर्ट चांगला आला, दिवस भरून तो परतही आला. पण तोवर गल्लीनं नथ्थूचं दूध बंद केलं होतं. गोदाबाई तेवढी घेत राहिली. कोणी टोकलं तर म्हणे, "म्हशीनं कुठं नागपूर पाह्यलं?"

राकेशची गाडी गेली त्या दिवशी पुनाराम दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता. "बाहेरून आलेला माणूस माझा सोताचा पोरगा असो, तो शाळेतच जाईन." शालिकरामनं टाळी वाजवली. तुळसाबाई आत तांदूळ निवडत होती. तिच्या हातातून सूप खाली आलं, कारण त्यांचा एकुलता एक नागसेन तेव्हा बुटीबोरीच्या पाइपच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडला होता, आणि पोराचा फोन लागत नव्हता.

फोन आला तो अनोळखी नंबरवरून. पुनाराम तेव्हा रेशनच्या रांगेत अंतराची वर्तुळं आखत होता.

"आई, मी गोंदियाच्या अलीकडे हाय. येऊन राह्यलो."

तुळसाबाईनं जागच्या जागी ठरवलं. पोराच्या अंगाला काही होईल याची भीती तिला होतीच, पण राकेशची माय आता नळावरसुद्धा येत नाही हे तिनं रोज पाहिलं होतं. बापानं स्वतःच्या तोंडानं पोराला गाडीत बसवलं तर त्या घरात पुढं जेवण गोड लागणार नव्हतं, ना बापाला, ना पोराला. "समोरून येऊ नको," ती म्हणाली. "रेल्वेच्या पटरीकडून, मागून ये. गोदाकाकीच्या परसात."

मग ती समोर गेली. गोदाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मिश्रीचं बोट धुतलं, आणि म्हणाली, "मागची खोली खालीच हाय. कोंबड्या होत्या, त्या विकल्या. दार बी वेगळं हाय. ठेव पोराले."

"काकी, समजलं तर तुमच्या दारावर कागद लागन. आमच्या घरच्यायले तुमी ओळखता."

"ओळखते ना. माझ्या कोंबड्याचं तिकीट फाडलं होतं त्यानं. आता एक सवारी मी फुकट नेते."

नागसेन दुपारच्या उन्हात आला. गल्ली कूलरपुढं पडलेली होती, आणि पुनाराम खुर्चीत बसल्या बसल्या घोरत होता. तुळसाबाईनं पोराला दुरूनच पाहिलं, दुरूनच रडून घेतलं, आणि सक्त ताकीद दिली. खोलीबाहेर पाऊल नाही, काकीच्या जवळ जायचं नाही, भांडं उंबऱ्यावर ठेवायचं. सेंटरमध्ये जेवढे दिवस ठेवतात तेवढे इथं काढायचे. मग समोरच्या दारानं ताठ मानेनं घरी यायचं. तोवर बापाला पत्ता लागता कामा नये.

रोज दुपारी तुळसाबाईचा डबा गल्ली ओलांडून जाऊ लागला. पुनारामनं एक-दोन दिवस नुसतं पाहिलं. मग जेवता जेवता म्हणाला, "आज भात कमी टाकला का वं?"

"नाही. काहून?"

"भाताचा गंज एवढा मोठा अन् भात बुडाशी."

तुळसाबाई खाली बसली. "काकीले देल्ला थोडासा. गुडघे धरले तिचे. चुलीपाशी बसवत नाही म्हणते."

"तू बसली काहून?"

"पाय दुखले."

"तुये बी?" पुनाराम म्हणाला आणि वरण ओरपू लागला. पुढं काही बोलला नाही. तेच वाईट. त्याचं बोलणं तुळसाबाईला कळत असे. त्याचं गप्प बसणं तिला कधीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं काकीच्या छपरातून धूर निघताना दाखवला. "गुडघे बरे झाले वाटते." तुळसाबाई म्हणाली, पाणी तापवत असंल. तो म्हणाला, असंल. मग त्यानं परत आलेला डबा उचलला, आत डोकावला, कानाशी नेऊन हलवला.

आता, आमच्या गल्लीत भांडं रिकामं परत जात नाही. देणाऱ्याच्या घरी निदान दोन दाणे गेले पाहिजेत. आणि या बाबतीत गोदाबाई सगळ्यांच्या वरची. तिच्या घरून भांडं आलं की त्यात गुळाचा खडा, नाहीतर कढीपत्त्याची डहाळी, नाहीतर दारातल्या झाडाच्या चार लवंगी मिरच्या असणारच. तापानं फणफणलेली असताना तिनं डब्यात मीठ घालून पाठवलं होतं. हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक, तर पुनारामला नसेल?

"खाली डबा धाडला काकीनं," तो म्हणाला.

"म्हातारी झाली. विसरली."

"काल विसरली. परवा बी विसरली." त्यानं डबा तिच्यापुढं ठेवला. "ज्यानं खाल्लं त्यानं भांडं उंबऱ्यावर ठेवलं अन् मोकळा झाला. घरच्यासारखं."

"घरच्यासारखं" हा शब्द तुळसाबाईच्या छातीत रुतला. सहज बोलला, की मापून बोलला? ती उभीच होती, बसायलासुद्धा विसरली. खरं तर चूक अगदी सरळ होती. गोदाबाईच्या लेखी तो डबा तिच्या घरी आलेलाच नव्हता. आईनं लेकाला पाठवला, लेकानं खाल्ला. मध्ये तिनं कशाला गूळ घालायचा?

पुढच्या दिवशी तुळसाबाईनं शहाणपणा केला. डबा परत आणताना पदराआडून त्यात मिरच्या टाकल्या. पुनारामनं एक मिरची उचलून उजेडात धरली.

"काकीच्या झाडाच्या मिरच्या आभाळाकडं तोंड करून लागतात. बारक्या. ही तर ठेल्यावरची होय. आपणच घेतली ना परवा?"

"तिनं बी घेतली असंल."

"घरी झाड असून?"

"सुकलं झाड."

पुनारामनं खुर्चीतून समोर पाहिलं. गोदाबाईच्या दारातलं झाड मिरच्यांनी वाकलं होतं. त्यानं ती मिरची भाकरीबरोबर कचाकचा खाल्ली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि जेवण झाल्यावर कार्ड नीट करून बाहेर पडला.

त्याचा संशय आता मोहफुलांवर गेला होता. दिवस मोहाचेच होते, दारूची दुकानं बंद होती, आणि गोदाबाईची मागची खोली गल्लीकडून दिसत नव्हती. काकीनं भट्टी लावली, भट्टीवर कोणीतरी माणूस ठेवला, आणि त्या माणसाला माझी बायको जेवू घालते. हे सगळं त्यानं स्वतःशीच पण चांगल्या मोठ्या आवाजात जुळवलं, म्हणून तुळसाबाईला ऐकू आलं. तिनं झाडू हातात घेऊन दारात उभं राहून पाहिलं. नवरा गोदाबाईच्या परसाच्या भिंतीला नाक लावून चालला होता. एके ठिकाणी थांबला, हुंगलं, पुढं गेला, पुन्हा मागं आला. गोदाबाईनं आतून विचारलं, "काय हरवलं गा पुनाराम?"

"काही नाही काकी. मच्छर किती झाले, पाहून राह्यलो."

"मंग नाकानं काहून पाहतं?"

तो परत आला. खुर्ची उचलली आणि तिचं तोंड फिरवून ठेवलं. आजवर ती गोदाबाईच्या दारासमोर असे. आता ती गल्लीच्या तोंडाकडे झाली, आणि समोरच्या दाराकडे त्याची पाठ.

दुसरी बाई असती तर सुटले म्हणाली असती. तुळसाबाईनं त्या पाठीकडे पाहत झाडू खाली ठेवला. कंडक्टरची ही चाल तिला त्यानंच कधीतरी मोठ्या खुशीत सांगितली होती. फुकट्या ओळखला की त्याला हात लावायचा नाही. सगळ्या बसची तिकिटं फाडायची, त्याच्याकडे पाठ करायची, त्याला वाटू द्यायचं की वाचलो, आणि अगदी शेवटी त्याच्या सीटपाशी येऊन उभं राहायचं. ती पाठ पाहून तिला पोरापेक्षा नवऱ्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली. हा पाणी मागतो तेव्हा पाणीच मागतो ना? 'पोराचा फोन नाही आला का?' असं विचारलं, ते बाप म्हणून, की समिती म्हणून?

"नाही आला," ती म्हणाली, आणि बसली.

"येईन," तो म्हणाला. "रेंज नसंन." आणि पंखा तिच्याकडे वळवला. पंखा तिच्याकडे वळवायची त्याला सवय नव्हती.

अशात चौदा एप्रिल आली. एरवी जयंती म्हणजे वार्डात पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. विहाराला कुलूप. ठरलं असं की दिवेलागणीला ज्यानं त्यानं आपल्या दारात उभं राहायचं, फोटोपुढं मेणबत्ती लावायची, आणि सगळ्या गल्लीनं एकदम वंदना म्हणायची. खीर घरोघर शिजली होती. गोदाबाईच्या घरात देव्हारा, बाळकृष्ण, तुळशीमाळ. पण शेजाऱ्यांचा सण म्हणून तिनंही उंबऱ्यावर पणती लावली आणि हात जोडून उभी राहिली.

त्रिशरणाला सुरुवात झाली आणि पाहता पाहता खिचडी झाली. विहारात एकजण पुढं म्हणतो, बाकीचे मागं. इथं पुढं म्हणणारा कोणीच नाही. गल्लीच्या या टोकाच्या बाया दोन ओळी पुढं निघून गेल्या, त्या टोकाचा शालिकराम मागं राहिला, मधली पोरं कोणाचं धरावं या पेचात नुसतेच ओठ हलवत होती. पुनाराम बिचारा कधी यांच्या, कधी त्यांच्या मागं धावत होता.

आणि मग कुठूनसा एक आवाज आला. खणखणीत, ठाय लयीत, प्रत्येक ओळीच्या शेवटी जरासा लांबवलेला. कोणी मान वर केली नाही. बाया आपोआप थांबल्या, शालिकराम आपोआप चालू लागला, पोरांना धागा सापडला, आणि दोन ओळींत अख्खी गल्ली एका सुरात आली. विहारात इतकी वर्षं असंच तर होत आलं होतं. लहानपणापासून वंदना सांगायला पुढं नागसेनच बसायचा. बापानं त्याला खांद्यावर बसवून ती शिकवली होती. खोलीत कोंडलेल्या पोरानं सगळं सहन केलं होतं, डास, ऊन, कोंबड्यांचा वास. वंदनेची अशी फरफट मात्र त्याच्यानं ऐकवली नाही.

पंचशीलाच्या मध्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की आवाज गोदाबाईच्या घरातून, देव्हाऱ्याच्या मागून येतोय. एकेक आवाज गळू लागला. शेवटी नागसेन एकटाच म्हणत होता. त्यालाही ते कळलं, आणि तो अर्ध्या शब्दावर थांबला.

मेणबत्त्या तेवढ्या हलत होत्या. तुळसाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. ते रोवलेले होते.

"काकी," शालिकरामनं टोकावरून विचारलं, "तुमच्या घरी कोण म्हणून राह्यलं?"

"रेडिओ होय बाप्पा."

"मंग थांबला काहून?"

"सेल गेले असतील."

शालिकरामनं खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात पुनारामनं खाकरून गळा साफ केला आणि जिथं पोराचा शब्द तुटला होता तिथून उचलून वंदना पुढं म्हणायला लागला. आवाज फाटका, बस स्टँडवर 'वारासिवनी, कटंगी' ओरडून ओरडून बसलेला. पण लय तीच. शालिकरामला मोबाईल ठेवून हात जोडावे लागले. सुरू झालेली वंदना मध्ये सोडता येत नाही. पुनारामनं ती शेवटापर्यंत नेली. एक ओळ सोडली नाही, उलट जरा रेंगाळतच म्हटली.

मग त्यानं तुळसाबाईला फक्त "चाल" म्हटलं आणि गल्ली ओलांडून गोदाबाईच्या परसात गेला. मागची खोली उघडी होती. नागसेन उंबऱ्याच्या आत उभा होता, मान खाली घालून.

"तितंच राह्य," पुनाराम दुरून म्हणाला. "कुठून बसला?"

"बुटीबोरीहून पायी निघालो. मंग एक तांदळाचा खाली ट्रक भेटला, गोंदियापर्यंत."

"राजेगावच्या हद्दीच्या पुलावर तर पोलीस हाय."

"पुलावरून नाही आलो, बाबा. खालून आलो. नदीत पाणी गुडघ्याएवढं."

पुनारामची नजर सवयीनं खाली गेली. पोराच्या तळव्यांना हळद लावून जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या होत्या. चिंध्या कोणत्या लुगड्याच्या, हे त्याला नक्कीच कळलं असणार.

भिंतीपलीकडं नथ्थू म्हशीला पेंड घालत होता. त्यानं इकडं पाहिलं आणि पुन्हा पेंडीत हात घातला. पुनारामला ते दिसलं.

"नथ्थू, तुले माहीत होतं?"

"हौ. काकीकडं दूध वाढलं ना. एकटी म्हातारी येवढं दूध काय करन?"

"मंग सांग्तलं काहून नाही?"

"कोणाले सांगू, पुनाराम भाऊ?" नथ्थू म्हणाला. "समितीत तर तूच."

यात टोमणा नव्हता. त्या माणसाला खरंच दुसरं कोणी आठवलं नसावं. पुनारामनं भिंतीवरून नथ्थूच्या घराकडे पाहिलं. मग त्यानं विचारलं, "राकेश बाहेर काहून निघत नाही?"

"गल्ली पाहते ना त्याच्याकडं," नथ्थू म्हणाला. "पायाकडं बी."

घरी आल्यावर पुनारामनं मोबाईल घेतला. तुळसाबाईनं त्याचं मनगट धरलं. लग्नाच्या दिवसानंतर चारचौघांत सोडाच, घरातसुद्धा तिनं असं मनगट धरलं नव्हतं.

"थोडे दिवस उरले," ती म्हणाली. या वेळी ती बसली नाही. "ताप नाही, खोकला नाही. तुमी आजच्यापुरते आंधळे व्हा."

"शालिकरामनं ऐकलं. तो सकाळी येणारच. आला तर पहिले काकीचं दार धरन. म्हातारीले गाडीत बसवन." त्यानं हात सोडवून घेतला, पण हळूच. "अन् नथ्थूच्या पोराले मी पाठवलं. आता माझ्याले ठेवू, तर मी कोण?"

"मंग तुमी काय सांगान?"

"सांगन काहीतरी. तुले एकटीलेच येते का?"

सकाळी गाडी आली. शालिकराम दोन माणसं घेऊन गोदाबाईच्या दाराकडे निघाला, तर पुनाराम आधीच गल्लीच्या मध्यात उभा. गळ्यातलं कार्ड काढून, फितीची घडी करून त्यानं हातात धरलं होतं.

"तिकडं कुठं? पोरगा माझा हाय. मी बोलावला, मी लपवला. काकीले म्हटलं सामान ठेवतो, तिनं खोली देल्ली. ना तिले माहीत, ना यायले," असं म्हणून त्यानं तुळसाबाईकडे अंगठा केला.

शालिकरामनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू लपवला? तू?"

"काहून? मले येत नाही?"

"पुनाराम भाऊ, तू तर बसमधी कोंबडा बी लपू देल्ला नाही."

"बसमधी कंडक्टरचा नातेवाईक फुकट सापडला तर चेकर कोणाले धरते?" पुनारामनं कार्ड त्याच्या हातात दिलं. "कंडक्टरले. मंग? पोराजवळ रोज जाणारा मी. दोघांले न्या."

शालिकरामचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण समितीचाच माणूस कबूल होतो म्हटल्यावर काय करणार? गोदाबाईच्या आणि मेश्रामच्या दारावर कागद चिकटले. घराबाहेर निघायचं नाही म्हणून दोन्ही बायांना बजावलं. नागसेन आणि पुनाराम गाडीत बसले. गच्च्यांवर मोबाईल वर झाले. तेव्हा नथ्थूचा राकेश इतक्या दिवसांनी पहिल्यांदा दारात आला आणि वर पाहून म्हणाला, "काढा व्हिडिओ, काढा. माझा बी आला होता चांगला." एकेक मोबाईल खाली गेला.

तुळसाबाईला मात्र त्या गाडीच्या धुळीत उभं राहून एकच वाटत होतं. नवऱ्याला खरं कधी कळलं? वंदनेच्या वेळी, की मिरच्यांच्या? की रिकामा डबा कानाशी लावला तेव्हाच? आणि कळलं होतं, तर खुर्ची फिरवली ती सापळा म्हणून, की दुसरं काही म्हणून?

तीन-चार दिवसांनी फोन आला, नागसेनचा. मागं कसलातरी गलका.

"आई, बाबानं इथं गोंधळ घातला."

"काय केलं?"

"सकाळपासून म्हणून राह्यले एक सवारी कमी हाय. कोणीतरी भिंत कुदून पळाला. चौकीदाराले उठवलं, त्यानं साहेबाले फोन लावला, सगळ्यांले मैदानात उभं केलं. दोनदा मोजलं बाबानं, दोनदा एक कमी."

"अन् कोण पळालं?"

"कोणीच नाही. सोताले मोजलंच नाही बाबानं. कंडक्टर कुठं सोताले मोजते?"

गोदाबाई समोरच्या दारातून ओरडून विचारत होती, काय झालं गा, काय म्हणे? तुळसाबाईनं तिला हातानं थांबवलं. "फोन दे त्यायले."

फोनवर आधी खाकरणं आलं, मग तक्रारी. खिचडीत डाळ शोधावी लागते. कोपऱ्यातला तो वारासिवनीचा माणूस दिवसभर झोपते, त्याच्या झोपण्यात काहीतरी हाय. पोरगा रोटी लपवून ठेवते अन् विचारलं तर म्हणते भूक नाही. तुळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच, उभ्या उभ्या विचारलं, "एक सांगा. तुमाले कधी समजलं होतं?"



"मले काय समजते वं," पुनाराम म्हणाला. "मले तर सोताले मोजता येत नाही."